निक डेकॉस मोठा, पण कुणापेक्षा?

मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या निक डेकॉसचा जन्म ३ जानेवारी २००३चा. २०२५चा हंगाम संपला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. २०२२मध्ये पदार्पण, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा 'रायझिंग स्टार' पुरस्कार, दुसऱ्याच वर्षी विजेतेपद. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक सन्मान म्हणजे ब्राउनलो मेडल. त्याच्या मतमोजणीत तो २०२३मध्ये तिसरा होता, २०२४मध्ये दुसरा, २०२५मध्ये पुन्हा दुसरा. या तिन्ही वर्षी मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या 'ऑल-ऑस्ट्रेलियन' संघात त्याचं नाव होतं.

एवढं सगळं एवढ्या लवकर झालं की या खेळातल्या जुन्या थोर खेळाडूंशी तुलना सुरू होणारच. गॅरी ॲब्लेट ज्युनियरपेक्षा हा भारी का? ख्रिस जडच्या तोडीचा का? की थेट ली मॅथ्यूजच्या पंगतीत बसवायचा? या वादाची जातकुळी मराठी माणसाला समजावून सांगायला नको. गावसकर की तेंडुलकर यावर आपल्याकडे दोन पिढ्या भांडल्या, आणि त्या भांडणात हेल्मेट, खेळपट्ट्या, वेस्ट इंडीजचे वेगवान गोलंदाज, एकदिवसीय सामन्यांची संख्या असं सगळं येऊन जायचं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला वाद त्याहून अवघड आहे, कारण तिथे खेळच पन्नास वर्षांत ओळखू न येण्याइतका बदलला. तरीही तुलना करता येते असं मला ठामपणे वाटतं. फक्त 'याच्या नावावर किती आणि त्याच्या नावावर किती' या रस्त्याने गेलं की हमखास चुकतं. आधी खेळाडूला त्याच्याच काळातल्या इतरांशेजारी उभं करायचं, तो त्यांच्या किती पुढे होता ते पाहायचं, आणि मग ती अंतरं एकमेकांशी ताडून बघायची.

मिडफिल्डर नेमकं काय करतो

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. मैदान लंबगोल, बहुतेकदा क्रिकेटचंच. अजिंक्य रहाणेने डिसेंबर २०२०मध्ये ११२ धावांची खेळी केली ते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हणजेच या खेळाचं माहेरघर. फुटबॉलच्या मोसमाची ग्रँड फायनल तिथेच होते आणि लाखभर माणसं बघायला येतात. दोन्ही संघांचे १८-१८ खेळाडू मैदानावर. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून थेट लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर १. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण दर १५ मीटरच्या आत तो जमिनीवर टेकवावा लागतो. फेकायला मात्र मनाई. दुसऱ्याला द्यायचा तर लाथ मारायची, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा द्यायचा. या ठोशाला हँडबॉल म्हणतात. किक आणि हँडबॉल मिळून जो आकडा होतो तो 'डिस्पोजल', म्हणजे त्या खेळाडूने चेंडू किती वेळा पुढे दिला.

सामन्याच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर खेळ मैदानाच्या मध्यापासून सुरू होतो. पंच चेंडू वर उडवतो. दोन्ही संघांचे उंचापुरे 'रकमन' उडी मारून त्याला हाताने टपली देतात. खाली दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिडफिल्डर टपलेले असतात. पुढचे दोन सेकंद पाहण्यासारखे असतात. टपली कुठे पडेल याचा अंदाज घेत एक जण आधीच निघालेला असतो. चेंडू त्याच्या हातात पडतो न पडतो तोच कुणीतरी कमरेला मिठी मारतं. धरल्यावर चेंडू योग्य रीतीने सोडला नाही तर समोरच्या संघाला फ्री किक, म्हणून तो पडता पडताच मुठीने चेंडू बाहेर ढकलतो. बाहेर दोन पावलांवर दुसरा मिडफिल्डर थांबलेला, नव्हे, धावत आलेला असतो. तो चेंडू घेतो, मान वर करतो, आणि चाळीस मीटरवर मोकळ्या असलेल्या सहकाऱ्याच्या छातीवर किक टाकतो.

झुंबडीच्या आत शिरून चेंडू काढणारा आणि बाहेर तो घेऊन नीट वाटणारा, या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत. पहिल्याला 'इनसाइड', दुसऱ्याला 'आउटसाइड' मिडफिल्डर म्हणतात. अस्सल थोर मिडफिल्डर दोन्ही करतात, पण प्रत्येकाचा कल कुठेतरी झुकलेला असतोच. डेकॉसचा कल बाहेरच्या बाजूला. तो हाफ-बॅक म्हणून, म्हणजे बचावफळीतून चेंडू बाहेर आणणारा खेळाडू म्हणून आला आणि २०२३मध्ये मिडफिल्डमध्ये सरकला. दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने किक, न थकता धावणं, आणि चेंडू पुढे कुठे येणार याची आधीच लागलेली चाहूल ही त्याची भांडवलं. वयाच्या मानाने त्याची मैदानावरची घाई-गडबड कमालीची कमी आहे, आणि त्याच्या खेळातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट तीच.

डिस्पोजलचा आकडा का फसवतो

डेकॉसची सामन्यामागची डिस्पोजलची सरासरी तीसच्या आसपास राहिली आहे. १९७०च्या दशकातल्या एखाद्या नामांकित खेळाडूची सरासरी पंचविशीत दिसली की नवा चाहता म्हणतो, पाहा, आपला पोरगा पुढे. इथे थांबायला हवं.

१९७०ची ग्रँड फायनल घ्या. १,२१,६९६ प्रेक्षक, कॉलिंगवूड विरुद्ध कार्लटन. मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनी आपल्या खेळाडूंना सांगितलं की लांब किका मारत बसू नका, हँडबॉल करा आणि धावा. कार्लटनने तो सामना १० गुणांनी जिंकला. हँडबॉल तोवर अडचणीतून सुटण्याचं साधन होतं. पुढच्या काळात तो आक्रमणाचं शस्त्र झाला. त्या एका दिवसात सगळं बदललं असं म्हणणं अतिशयोक्त होईल, पण दिशा तीच राहिली. आज चेंडू ताब्यात ठेवण्यासाठी संघ तो आपसांत इकडून तिकडे फिरवत राहतात, आणि दर फेरीगणिक कुणाच्या तरी खात्यावर एक डिस्पोजल चढतं.

म्हणून वाटा पाहावा लागतो. समजा एका काळात संघाचे सामन्यातले एकूण डिस्पोजल २८० असत आणि त्यात एका खेळाडूचे २८, तर त्याचा वाटा दहा टक्के. दुसऱ्या काळात संघाचे ३७५ आणि त्यात एकाचे ३०, तर वाटा आठ टक्के. हे आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण मोठा आकडा छोटा कसा ठरू शकतो ते त्यातून दिसतं.

विक्रमांकडेही याच नजरेने पाहायला हवं. सिडनीकडून खेळताना ग्रेग विल्यम्सने १९८९मध्ये एका सामन्यात ५३ डिस्पोजल केले होते. हॉथॉर्नच्या टॉम मिचेलने २०१८मध्ये, तेही कॉलिंगवूडविरुद्धच, ५४ केले. (हाच मिचेल पुढे कॉलिंगवूडमध्ये आला आणि २०२३चं विजेतेपद डेकॉसच्या सोबतीने जिंकला.) कागदावर मिचेल पुढे. पण विल्यम्सचे ५३ चेंडू खूप कमी फिरवला जाणाऱ्या काळातले होते, आणि तो चपळ धावपटूही नव्हता. पायांत वेग नसताना हातांच्या आणि डोक्याच्या जोरावर त्याने १९८६ आणि १९९४ अशी दोन ब्राउनलो मेडल मिळवली, त्यातलं पहिलं विभागून. माझ्या लेखी ते ५३ आजही वरचढ आहेत.

गोलांच्या बाबतीत काटा नेमका उलटा फिरतो. ली मॅथ्यूजने हॉथॉर्नकडून ३३२ सामन्यांत ९१५ गोल केले. मिडफिल्डरसाठी ही संख्या आज अशक्यच वाटते. साउथ मेलबर्नच्या बॉब स्किल्टनच्या नावावरही २३७ सामन्यांत ४१२ गोल आहेत. मग आजचे मिडफिल्डर गोल मारायला विसरले का? तसं नाही. १९७८पर्यंत या खेळात मुक्त अदलाबदल नव्हतीच. राखीव खेळाडू दोन, आणि एकदा बाहेर गेलेला परत येऊ शकत नसे. त्यामुळे 'रोव्हर' म्हणजे त्या काळचा छोट्या चणीचा मिडफिल्डर दमला की त्याला श्वास घ्यायला गोलच्या जवळ, फॉरवर्ड पॉकेटमध्ये उभं करत. विश्रांती घेता घेता तो गोलही मारे. आजचा मिडफिल्डर दमला की बाकावर जाऊन बसतो. बाकावर बसून गोल होत नाहीत. पुढे ही अदलाबदल इतकी वाढली की तिला मर्यादा घालावी लागली, आणि २०२१पासून एका संघाला सामन्यात ७५ बदलांचीच मुभा आहे.

अर्थात मॅथ्यूज विश्रांती घेत असताना गोल मारायचा म्हणून ते ९१५ सोपे होते असं कुणी समजू नये. रोव्हर सगळेच होते, ९१५ एकानेच मारले. काळाची सवलत वजा केली तरी इतरांपासूनचं अंतर उरतंच, आणि थोरपणा त्या उरलेल्या अंतरात असतो.

मैदानं आणि पोट भरण्याची रीत यांचाही विचार करायला हवा. मेलबर्नच्या उपनगरांतल्या जुन्या मैदानांवर हिवाळ्यात चिखल व्हायचा आणि ओला चेंडू साबणासारखा निसटायचा. खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. आता सगळे पूर्णवेळ व्यावसायिक आहेत. याचा फायदा डेकॉसला मिळतो, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही तितकाच मिळतो हे विसरलं जातं. पूर्वी एखादा असामान्य खेळाडू सामान्यांच्या गर्दीत सहज उठून दिसे. आज गर्दीच तयार आणि तंदुरुस्त असल्यामुळे तितकंच उठून दिसणं कठीण झालंय.

चेंडूची किंमत मोजण्याची नवी रीत

आकडे मोजणाऱ्यांनाही ही अडचण कळत होती. चॅम्पियन डेटा ही कंपनी या खेळाच्या मुख्य लीगची अधिकृत आकडेवारी ठेवते. तिच्या पद्धतीमागची कल्पना सोपी आहे आणि मला फार हुशारीची वाटते. सामन्याच्या कुठल्याही क्षणी विचारायचं, की या स्थितीतून पुढचे गुण कोण मिळवेल आणि साधारण किती? चेंडू आपल्याच गोलसमोर, भोवती विरोधकांचा गराडा, तर आपल्या दृष्टीने त्या क्षणाची किंमत उणे. चेंडू मध्यावर मोकळ्या खेळाडूच्या हातात, तर किंमत अधिक. आता एखाद्याने गराड्यातून चेंडू काढून मोकळ्या माणसाला दिला, तर आधीच्या आणि नंतरच्या किमतीतला फरक त्याच्या खात्यात जमा. साधा, आडवा, काहीही न बदलणारा हँडबॉल दिला तर जवळपास शून्य. आणि मोकळं असताना चेंडू थेट विरोधकाच्या हातात दिला तर वजावट.

या मापाने पाहिलं की नुसते चेंडू गोळा करणारे मागे पडतात आणि सामन्याला वळण देणारे वर येतात. डेकॉस इथेही वरच्या रांगेत आहे, कारण त्याची किक बहुतेक वेळा चेंडूला वाईट जागेतून चांगल्या जागी नेते. मात्र या मापाचीही हद्द आहे. असा बारीक तपशील १९९०च्या दशकाच्या अखेरपासूनच मिळतो. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला मिठी मारून धरणं, १९८७पासून मोजले गेले आणि किक-हँडबॉलची नोंद १९६५पासून. ही लीग मात्र १८९७ साली सुरू झाली. म्हणजे या मापावर जड आणि ॲब्लेट डेकॉसशेजारी उभे करता येतात, मॅथ्यूज नाही, आणि स्किल्टन तर नाहीच नाही.

पंचांची मतं

सगळ्या काळांना जोडणारं एकच माप उरतं आणि ते म्हणजे ब्राउनलो. १९२४पासून दिलं जाणारं हे पदक जिलाँगच्या चार्ल्स ब्राउनलो यांच्या नावाने आहे. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरचे पंच तीन खेळाडूंना ३, २ आणि १ अशी मतं देतात. बाद फेरीचे सामने धरत नाहीत. त्या मोसमात एखाद्यावर बंदी आली असेल तर त्याला सर्वाधिक मतं पडूनही पदक मिळत नाही. १९९७मध्ये ख्रिस ग्रँटला २७ मतं होती आणि रॉबर्ट हार्वीला २६. ग्रँट अपात्र ठरल्याने पदक हार्वीला मिळालं. हार्वीने पुढच्या वर्षी ३२ मतांनी ते निर्विवाद जिंकून दाखवलं, हे बरं झालं.

शंभर वर्षं चालत आलेलं माप म्हणून ते विश्वासाचं वाटतं. पण नियम तेच राहिले नाहीत. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षी सामन्यातले दोन्ही पंच वेगवेगळी मतं देत. म्हणून ग्रॅहम मॉसच्या नावावर ४८ आणि ग्रॅहम टीझडेलच्या नावावर ५९ मतं दिसतात. २०२०मध्ये कोविडमुळे मोसम १७ सामन्यांचा आणि सामन्याचे चारही भाग छोटे झाले, तरी ब्रिस्बेनच्या लॅकी नीलने ३१ मतं मिळवली. ही कामगिरी कित्येक पूर्ण मोसमांच्या विजेत्यांपेक्षा सरस आहे.

आणि मग २०२४. कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सला ४५ मतं पडली. त्याआधीचा, एकेरी मतांच्या पद्धतीतला, उच्चांक ३६ होता. तो डस्टिन मार्टिन (२०१७) आणि ऑली वाइन्स (२०२१) या दोघांच्या नावावर होता. डेकॉस त्या वर्षी दुसरा आला तो ३८ मतांनी. म्हणजे १९७६-७७ सोडली तर त्याआधीच्या प्रत्येक विजेत्यापेक्षा जास्त मतं मिळवूनही तो हरला. २०२५मध्ये मॅट रोवेल ३९ मतांनी जिंकला आणि डेकॉस ३२वर राहिला. इतक्या कमी वर्षांत आकडे असे फुगत असतील तर केवळ मतांच्या बेरजेवरून दोन पिढ्यांची तुलना करणं धोक्याचं आहे. अशा वेळी कितवा आला ते पाहावं. तीन वर्षांत तिसरा, दुसरा, दुसरा.

२०२३चा तिसरा क्रमांक तर हळहळ लावणारा. एकविसाव्या फेरीत हॉथॉर्नविरुद्ध त्याच्या गुडघ्याच्या हाडाला इजा झाली आणि साखळीतल्या शेवटच्या तीन सामन्यांना त्याला मुकावं लागलं. नीलने ३१ मतांनी पदक जिंकलं, डेकॉसची २८ होती. तीन सामने, तीन मतांचं अंतर. खेळला असता तर जिंकलाच असता असं मी म्हणणार नाही, पण शक्यता भरपूर होती.

या पदकाचा एक दोष मात्र सगळ्यांनाच ठाऊक आहे. पंच चेंडूजवळ असतात, मिडफिल्डरही चेंडूजवळ असतात. बचावपटूला हे पदक मिळाल्याचं उदाहरण शोधायला १९९३च्या गॅव्हिन वँगनीनपर्यंत मागे जावं लागतं. आणि मॅथ्यूज, जो कित्येकांच्या मते विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू, त्याला हे पदक एकदाही मिळालं नाही. खेळाडूंच्या संघटनेने आपल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला मात्र त्याचंच नाव दिलं.

त्या वयात कोण कुठे होतं

आता खऱ्या तुलनेकडे. डेकॉस २२व्या वर्षी जिथे होता, तिथे त्या वयाचे इतर कुठे होते?

ॲब्लेट ज्युनियरशी त्याची तुलना सगळ्यांत जास्त होते, आणि वरवर पाहता जोडी जमतेही. दोघेही बड्या बापाचे मुलगे, दोघेही 'फादर-सन' नियमाने वडिलांच्याच क्लबात आलेले. गॅरी ॲब्लेट सीनियर यांनी १९८९च्या ग्रँड फायनलमध्ये हरलेल्या जिलाँगकडून ९ गोल मारले होते. पीटर डेकॉस यांना 'मॅसेडोनियन मार्व्हल' म्हणत. २५० सामने, ५४९ गोल, आणि अशक्य कोनांतून चेंडू वळवून गोलात घालण्याची करामत. १९९०मध्ये कॉलिंगवूडचा ३२ वर्षांचा दुष्काळ संपला त्या संघात ते होते, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते ली मॅथ्यूज.

पण वयाच्या फूटपट्टीवर ही जोडी पार विस्कटते. ॲब्लेट ज्युनियरचा जन्म १९८४चा. २००६पर्यंत तो प्रामुख्याने छोटा फॉरवर्ड म्हणूनच खेळत होता. चमक होती, सातत्य नव्हतं. त्या मोसमानंतर सहकाऱ्यांनी त्याला मेहनतीबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावलं, २००७मध्ये तो मिडफिल्डमध्ये आला आणि मग सलग आठ वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन संघात राहिला. दोन विजेतेपदं, दोन ब्राउनलो, आणि खेळाडूंच्या मतांवर मिळणारा ली मॅथ्यूज करंडक पाच वेळा. यातला २०१३चा ब्राउनलो तर नव्याने उभ्या राहिलेल्या, हरणाऱ्या गोल्ड कोस्ट संघाकडून. पंच जिंकणाऱ्या संघाला झुकतं माप देतात असं म्हणतात, त्या पार्श्वभूमीवर हे पदक मी फार वर ठेवतो.

त्यामुळे 'डेकॉस त्या वयात ॲब्लेटच्या पुढे आहे' हे खरं, आणि त्याचा उपयोग जवळपास शून्य. ॲब्लेट उशिरा फुलला. वयाची तुलना सुरुवात किती लवकर झाली ते सांगते, शिखर किती उंच होतं ते नाही.

खरा शेजारी ख्रिस जड. जन्म सप्टेंबर १९८३, वेस्ट कोस्टकडून पदार्पण २००२मध्ये. २००४मध्ये, २१ वर्षांचा होता होता, ३० मतांनी ब्राउनलो. २००५च्या ग्रँड फायनलमध्ये संघ सिडनीकडून ४ गुणांनी हरला तरी सामन्यातला सर्वोत्तम म्हणून नॉर्म स्मिथ मेडल जडला. २००६मध्ये त्याच सिडनीला १ गुणाने हरवून विजेतेपद, आणि कर्णधार तोच, वय २३. जडचं बळ झुंबडीत होतं. गर्दीतून तो चेंडू उचलायचा आणि पहिल्या पाच-सहा पावलांत असा सुटायचा की मिठी मारायला आलेल्याच्या हातात हवा उरायची. ते कौशल्य बचाव आवळलेला असतो त्या मोठ्या सामन्यांत सगळ्यांत मौल्यवान ठरतं.

मायकेल व्हॉसही या रांगेत येतो. १९९६मध्ये २१व्या वर्षी जेम्स हर्डसोबत विभागून ब्राउनलो, पुढे २००१ ते २००३ अशी सलग तीन विजेतेपदं कर्णधार म्हणून. आणखी मागे गेलो तर एसेंडनचा डिक रेनॉल्ड्स १९३४मध्ये १९व्या वर्षी, आणि फिट्झरॉयचा हेडन बंटन १९३१मध्ये पहिल्याच मोसमात ब्राउनलो जिंकला. दोघांच्या नावावर पुढे तीन-तीन झाले. म्हणजे पोरसवदा खेळाडूने लीग गाजवणं नवं नाही. गेल्या वीस वर्षांत मात्र ते दुर्मिळ झालंय.

डेकॉसची एक बाजू या सगळ्यांच्या पुढची आहे. पहिल्या मोसमापासून त्याचा एकही मोसम घसरलेला नाही, आणि हे प्रतिस्पर्धी संघ खास त्याच्यासाठी योजना आखत असताना. या योजनेला 'टॅग' म्हणतात. एका खेळाडूला एकच काम, या माणसाला सोडायचं नाही, चेंडू नाही मिळाला तरी चालेल. २०२३च्या त्या हॉथॉर्न सामन्यात फिन मॅगिनेसने दुखापतीआधी त्याला अक्षरशः जखडून टाकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षकाकडे तो नमुना आहे. दोन वर्षं लोक तो गिरवत राहिले, तरी पोरगा दोन्ही वेळा ब्राउनलोच्या दाराशी.

उणी बाजूही सांगतो. २०२३चं विजेतेपद संघाचं होतं, आणि त्या संघात तो महत्त्वाचा असला तरी एकटा खांब नव्हता. त्या ग्रँड फायनलचं नॉर्म स्मिथ मेडल बॉबी हिलला मिळालं, आणि त्या वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला निकचा थोरला भाऊ जॉश. ब्रिस्बेनविरुद्धची ती फायनल ९० विरुद्ध ८६ अशी संपली. २०२४मध्ये कॉलिंगवूड बाद फेरीतही पोचला नाही. २०२५मध्ये उपांत्य टप्प्यावर ब्रिस्बेननेच त्यांना बाहेर काढलं. जडकडे २३व्या वर्षापर्यंत दोन ग्रँड फायनल होत्या, एकीत तो सामन्यातला सर्वोत्तम ठरला आणि दुसरी त्याने कर्णधार म्हणून जिंकली.

म्हणून माझं मत असं. पहिल्या चार मोसमांचं सातत्य पाहिलं तर या शतकात डेकॉसच्या तोडीची सुरुवात फक्त जडची. सातत्यात डेकॉस किंचित पुढे, पण मोठ्या दिवशी सामना मुठीत घेण्यात जड स्पष्टपणे पुढे. शैलीने डेकॉस या दोघांपेक्षा, ॲब्लेट आणि जडपेक्षा, रॉबर्ट हार्वीच्या जवळ आहे. तीच न थकणारी धाव, तीच पुन्हा पुन्हा मोकळं होण्याची हातोटी, फक्त डेकॉसची किक जास्त घातक. हे नाव वादात फारसं कुणी घेत नाही आणि ते मला खटकतं. हार्वीने ३८३ सामने खेळून एकही विजेतेपद पाहिलं नाही, म्हणून त्याचं नाव मागे पडतं. डेकॉसकडे ते २०व्या वर्षीच आलं.

मॅथ्यूजशी तुलना मी आज करणार नाही. त्यासाठी १५-१६ मोसम हवेत. त्या बाबतीत डेकॉससमोरचं उदाहरण त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये आहे. स्कॉट पेंडलबरी, जन्म १९८८, विजेतेपदं २०१० आणि २०२३, ऑगस्ट २०२४मध्ये ४०० सामने पूर्ण, लीगच्या नोंदीतले सर्वाधिक डिस्पोजल. ब्राउनलो एकही नाही. पेंडलबरीही चेंडू हातात आला की घाई करत नाही, आणि डेकॉस पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी उभा राहून खेळतोय.